लेप्टोनिका होती, तरी नव्हती

मागच्या उन्हाळ्यात मोठ्या बाबांना बारीक अक्षर दिसेनासं झालं. नागपूरच्या महाल भागातल्या घरी त्यांची दोन कपाटं भरून जुनी मराठी मासिकं आहेत, खिळे जुळवून छापलेली. त्यांचे स्कॅन मी हळूहळू काढून ठेवले होते. त्या चित्रांतून मजकूर काढायचा आणि संगणकाकडून त्यांना वाचून ऐकवायचा, हे मी मनावर घेतलं.

टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, त्याला मराठी वाचता येतं. पण माझ्या मशीनवरच्या उबंटू २२.०४ मध्ये एपीटीनं, म्हणजे पॅकेज टाकायच्या तयार सोयीनं, मिळते ती त्याची ४.१.१ आवृत्ती, आणि आमच्या मासिकांतली जोडाक्षरं ते सारखी चुकवायचं. म्हणजे त्याला हा जुना टाइप शिकवणं आलं. पाचव्या आवृत्तीत आतली आकडेमोड हलकी केली आहे, त्यामुळे शिकवणं लवकर उरकतं. चार जीबी रॅमच्या मशीनला तेवढाही आधार मोठा, म्हणून ती आवृत्ती सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करायला घेतली.

ऑटोजेन ही तयारीची पहिली पायरी अडली ती लिबटूल हे साधन नव्हतं म्हणून. टाकलं, पुढे गेलं. खरी अडचण कॉन्फिगरमध्ये, म्हणजे लागणारं सगळं मशीनवर आहे का हे तपासणाऱ्या पायरीत आली. लेप्टोनिका (टेसरॅक्टला लागणारी चित्रं हाताळणारी लायब्ररी) १.७४ किंवा त्यापुढची हवी, लिबलेप्टोनिका-डेव्ह टाकून बघा, असं सांगून ते थांबलं. मी ते पॅकेज आधीच टाकलेलं होतं! एपीटीला विचारलं तर ते म्हणे १.८२ आहे, सगळ्यात नवी. काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

शेवटी कॉन्फिग डॉट लॉग उघडली. स्क्रीनवर एका ओळीत उरकलेली गोष्ट त्या फाइलमध्ये सविस्तर असते: कोणती कमांड चालवली, तिनं काय उत्तर दिलं. कॉन्फिगर एपीटीला विचारतच नव्हतं, ते पीकेजी-कॉन्फिगला, म्हणजे कोणती लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या साधनाला, विचारत होतं. मग मीही त्यालाच लेप्टची, म्हणजे लेप्टोनिकाची, आवृत्ती विचारली. उत्तर आलं १.७३.

तेव्हा उलगडा झाला. कॉलेजात असताना याच मशीनवर मी लेप्टोनिका सोर्सवरून टाकली होती. तशी टाकलेली वस्तू यूएसआर-लोकलमध्ये जाते. उबंटू कितीदा अपग्रेड केलं तरी त्या फोल्डरला एपीटी हात लावत नाही, आणि पीकेजी-कॉन्फिग मात्र आधी तिथेच बघतं. लेप्टोनिकाची आवृत्ती सांगणारी जुनी पीसी फाइल तिथे बसून होती आणि नवी तिच्या मागे झाकली गेली होती. एकेक फाइल हातानं पुसायची मला हिंमत नव्हती. १.७३ चाच सोर्स पुन्हा उतरवला, कॉन्फिगर केला आणि त्यातून मेक अनइन्स्टॉल चालवलं. ज्या मार्गानं फाइली गेल्या होत्या त्याच मार्गानं परत निघाल्या. पीकेजी-कॉन्फिगला पुन्हा विचारलं: १.८२. त्या आकड्यानं झालेला आनंद मी विसरणार नाही.

मग मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल करणारी कमांड, चार जॉब एकदम. थोड्या वेळानं सीसी-वन-प्लस, म्हणजे कंपायलर, मारला गेल्याची ओळ आली. ही कोडमधली चूक नव्हेच. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, स्पष्ट होतं की रॅम संपल्यामुळे कर्नलनं कंपायलरलाच बंद केलं. रॅमला जोड म्हणून डिस्कवर चार जीबीची स्वॅप फाइल केली, ब्राउझर बंद केला, एकाच जॉबवर पुन्हा चालवलं. मेक झालेल्या फाइली पुन्हा करत बसत नाही, सुटलं तिथून धरतं.

दुपारी बाहेर ४५ अंश, कूलर पूर्ण वेगात, आणि लाइन गेली. आल्यावर मेक लावलं तर कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर अशाच एका तुकड्याच्या, ओ फाइलचं नाव घेऊन म्हणाला, ही ओळखू येत नाही. एलएस करून आकार पाहिला तर शून्य बाइट. लाइन गेली त्या क्षणी ती लिहिली जात होती. तारीख ताजी, त्यामुळे मेकला ती तयार वाटली. तेवढी एक पुसली आणि काम पुढे सरकलं.

इन्स्टॉल झालं, नव्या लायब्ररीची नोंद घेणारं एलडीकॉन्फिग चालवलं आणि टेसरॅक्टनं आपली आवृत्ती पाच सांगितली. पण शिकवण्याची साधनं बनवायला मेक ट्रेनिंग म्हटल्यावर उत्तर आलं, प्रोजेक्ट पुन्हा कॉन्फिगर करा. कारण कॉन्फिगरच्या वेळीच सांगून झालं होतं: आयसीयू ही लायब्ररी नाही, शिकवण्याची साधनं बनणार नाहीत. ती नुसती वॉर्निंग होती, एरर नव्हे, म्हणून शंभर ओळींत वाहून गेली. आयसीयू, पँगो आणि कैरो या लायब्ररींची डेव्ह पॅकेजेस टाकली आणि यावेळी कॉन्फिगरची प्रत्येक ओळ वाचली.

चौथ्या दिवशी एक पान मजकुरात उतरवून मजकूर बोलून दाखवणाऱ्या ई-स्पीकला वाचायला दिलं. मोठे बाबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांब वं बाई, ते श्रवण नाही, श्रावण आहे. पुढे पावसाचं लिहून राहिला ना तो."

मी त्या ओळीचं चित्र कापून वेगळं ठेवलं आणि त्याच नावाच्या मजकूर फाइलमध्ये ओळ बरोबर लिहिली. टेसरॅक्टला शिकवायची ती पहिली ओळ.