स्क्रिम, स्क्रम आणि तालीम

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आलाय आमच्याकडे, वय वर्षं सोळा, आणि रात्री नऊला जेवायला हाक मारली की आतून एकच उत्तर येतं, मावशी थांब ना, स्क्रिम चालूये. पहिल्या दिवशी मला आईस्क्रीम ऐकू आलं, मी म्हटलं जेवण झाल्यावर खा की, फ्रीजमध्येच आहे. त्यावर त्याने जे तोंड केलं ते बघून समजलं की आपण म्हातारे झालो.

मग त्याने समजावून सांगितलं. तो बीजीएमआय खेळतो, हा मोबाइलवरचा बंदुकांचा गेम, त्यात 16 टीम, प्रत्येकी चार जण, म्हणजे 64 जण, सगळ्यांना आधी रूमचा आयडी-पासवर्ड येतो आणि ठरलेल्या वेळी सगळे एकाच नकाशावर उतरून एकमेकांना उडवतात. पण हे खरं नाही हां मावशी. मी म्हटलं अरे बाळा, ते कधीच खरं नसतं. तर म्हणे तसं नाही गं, टूर्नामेंट खरी, स्क्रिम म्हणजे त्याच्या आधीची प्रॅक्टिस. म्हणजे खोट्या लढाईची खोटी लढाई. आणि त्यासाठी माझी पोळी गार होतेय.

मला शब्दांचा नाद आहे, त्यामुळे भांडी आवरून झाल्यावर बसले शोधत. स्क्रिम हे स्क्रिमेजचं शेपूट तोडलेलं रूप, आणि स्क्रिमेज म्हणजे स्कर्मिशच, छोटी लढाई, फक्त बोलून बोलून झिजलेली. ते स्कर्मिश आलं जुन्या फ्रेंचमधल्या तलवारबाजीच्या शब्दावरून आणि त्याच्याही मागे जर्मनांच्या पूर्वजांचा एक शब्द आहे, त्याचा अर्थ चक्क रक्षण करणे! जर्मनमध्ये छत्रीला रेगेनशिर्म म्हणतात त्यातला शिर्म याच घरातला. म्हणजे पावसापासून वाचवणारी छत्री आणि गेममधल्या पोचिंकी गावात उतरून गोळ्या झाडणारा आमचा हा मुलगा, लांबचे नातेवाईक निघाले.

अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी 1880 मध्ये या शब्दाची रेघच आखली, लाइन ऑफ स्क्रिमेज, तिच्या अल्याड एक टीम आणि पल्याड दुसरी. रग्बीवाल्यांनी त्याचं स्क्रमेज केलं, मग नुसतंच स्क्रम, म्हणजे ते सगळे धिप्पाड लोक खांद्याला खांदा लावून डोकी खाली घालून ढकलाढकली करतात ना, ते.

इथे मी थांबले. कारण रोज सकाळी सव्वादहाला मी पण स्क्रमला बसते! आयटीत असणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, ही टीमची रोजची छोटी मीटिंग. 1986 मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी टीमने काम कसं करावं यावर लेख लिहिताना रग्बीची उपमा दिली, आणि पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. पंधरा मिनिटांत संपायला हवं, आमचं चाळीस मिनिटं चालतं आणि शेवटची वीस मिनिटं खरोखर स्कर्मिशच असते. म्हणजे आतल्या खोलीत भाच्याचं स्क्रिम, बाहेरच्या टेबलावर माझं स्क्रम, दोघांच्या कानात हेडफोन, आणि शब्द एकच. फक्त त्याची टीम वेळेवर हजर असते.

मग आपल्याकडे काय म्हणतात याच्यावर गाडी गेली. स्कर्मिशला चकमक हा झकास शब्द आहे, मूळचा तुर्की, तिकडे आजही लायटरला चाकमाक म्हणतात. आपल्याकडे आधी ती विस्तव पाडायची होती, ठिणगी पडते तशी झटकन होऊन संपणारी मारामारी ती पण चकमक, आणि आता पेपरात शाब्दिक चकमक असते आणि चकमकफेम अधिकारी असतात. पण सरावाला चकमक कोणी म्हणत नाही. पुढाऱ्यांचं आतून जमलेलं असलं की लुटुपुटीची लढाई म्हणतात, पण त्यात सराव कसला, ते तर मुरलेले खेळाडू. आमच्या गल्लीत पहिला बॉल ट्रायल बॉल असायचा, त्यावर आउट झालं तर आउट नाही, आणि सिक्स मारली की मात्र मारणारा शपथेवर सांगायचा की ट्रायल आधीच झाला होता. निम्मी संध्याकाळ त्यातच जायची. (मी लिंबूटिंबू होते, मला सगळेच बॉल ट्रायल.)

हे सगळं मी बाबांना सांगत होते. बाबा कोल्हापूरचे, तरुणपणी मातीत खेळलेले. शांतपणे सुपारी कातरत ऐकत होते, म्हणाले, एवढं कशाला फिरायचं, तालीम म्हण की. आणि खरंच की! अरबीत तालीम म्हणजे शिकवण, हिंदी-उर्दूत अजून शिक्षणच, आपण मात्र तो शब्द घेऊन थेट लाल मातीत उतरवला, ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेल्या, आणि वर नाटकवाल्यांनाही दिला, रंगीत तालमीसाठी. बाबा सांगतात तालमीत रोज ज्याच्याशी झुंजायचं त्याच्याच ताटात जेवायचं, आणि मैदानात जोड लागली की मग तो कोण आणि आपण कोण. भाचा म्हणाला आमचं पण सेम आहे आजोबा, स्क्रिममध्ये रोज मारतो तोच मला नंतर नोट्स पाठवतो.

तेव्हापासून घरात शब्द बदललाय. काल नऊला बाबांनीच हाक मारली, पोरगं तालमीला बसलंय न्हवं अजून? आतून आवाज आला, नाही आजोबा, आत्ताच उडालो.

चितपट?

हो.

मग ये म्हणावं जेवायला, पोळ्या गार झाल्या.