वळणदार कापासाठी हातकरवत निवडताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणारा तान्हा पोळा हा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला आम्हा वैदर्भीयांचा मुलांचा सण आहे. चाकांवर बसवलेला लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मुले घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, घेऊन परततात. श्रावण लागला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-मूल भागातल्या गावांत वाढई, म्हणजे सुतार, हे बैल घडवायला बसतात. अलीकडे आपल्या मुलांसाठी हौसेने स्वतः बैल करणारे शिक्षक आणि शेतकरीही वाढले आहेत. शिंगांचे वळण, मानेखालची लोंबती पोळी आणि चार पायांमधली कमान कापायला नेमकी कोणती करवत घ्यावी, असे ही मंडळी मला नेहमी विचारतात. देवघराची जाळी किंवा पाटाची महिरप करणाऱ्यांचीही अडचण हीच असते, म्हणून जे मला पटले आहे ते सविस्तर लिहीत आहे.

विजेवर चालणारा जिगसॉ हाताशी असताना हातकरवतीचा विचार कशाला करायचा, असे काहींना वाटेल. खेड्यात वीज भरवशाची नसते हे एक कारण आहेच, पण खरे कारण वेगळे आहे. जिगसॉचे पाते एकाच टोकाला धरलेले असते, त्यामुळे जाड लाकडात तीव्र वळण घेताना ते खाली एका बाजूला झुकते आणि वरची रेघ बरोबर दिसत असताना खालचा काप तिरका गेलेला असतो. चौकटीच्या करवतीत पाते दोन्ही टोकांना ताणलेले असते. हात हळू चालतो आणि डोळा रेघेवर राहतो, आणि बोटाएवढ्या जाडीच्या शिंगाला हीच गती मानवते.

करवत निवडण्याआधी आपल्या कामाकडे पाहून तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: लाकूड किती जाड आहे, सर्वांत तीव्र वळण किती लहान आहे, आणि ते वळण फळीच्या कडेपासून किती आत आहे. दुकानदार दातांबद्दल बोलतो, पण या तीन गोष्टी ठरल्याशिवाय दातांच्या चर्चेला अर्थ नाही.

बहुतेकांचे काम कोपिंग सॉने भागते. इंग्रजी यू अक्षरासारखी लोखंडी चौकट, खाली लाकडी मूठ आणि मध्ये ताणलेले साधारण साडेसहा इंचांचे, सुमारे ३ मिलिमीटर रुंदीचे पाते, अशी तिची घडण असते. पात्याच्या दोन्ही टोकांना आडव्या पिना असतात आणि त्या चौकटीच्या खाचांत बसतात. मूठ थोडी सैल केली की पाते हव्या त्या दिशेला फिरवता येते, त्यामुळे चौकट फळीच्या कडेला अडू लागली तरी काप पुढे नेता येतो. पाऊण ते एक इंच जाडीच्या शिवणीच्या (शिवण नावाच्या झाडाच्या मऊ लाकडाच्या) फळीतून बैलाची बाह्यरेषा काढायची असेल, तर यापेक्षा सोयीची करवत नाही. तिची मर्यादा चौकटीच्या खोलीत आहे. पात्यापासून चौकटीच्या पाठीपर्यंत सहसा साडेचार ते पाच इंच अंतर असते, आणि पाते कितीही फिरवले तरी कडेपासून त्याहून आत असलेल्या जागी ही करवत पोहोचत नाही.

त्या आतल्या जागेसाठी फ्रेट सॉ आहे. तिची चौकट खोल असते, दहा-बारा इंचांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक. पाते मात्र पाच इंचांचे, बिनपिनेचे आणि जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचे असते, आणि ते दोन्ही टोकांना स्क्रूच्या चिमट्यात आवळले जाते. पाते इतके अरुंद असल्यामुळे ते जवळजवळ जागच्या जागी वळते. देवघराच्या जाळीतले कमळाच्या पाकळीचे टोक, जिथे दोन वळणे एका बिंदूवर येऊन मिळतात, ते फ्रेट सॉनेच नीट निघते. आधी टाकाऊ भागात गिरमिटाने छिद्र पाडायचे, पाते एका टोकाला सोडवून त्या छिद्रातून ओवायचे आणि पुन्हा आवळायचे. एका जाळीत पन्नास नक्षीची भोके असतील तर हे काम पन्नास वेळा करावे लागते. म्हणून चिमट्याचा स्क्रू हाताने सहज फिरतो की प्रत्येक वेळी पक्कड लागते, हे दुकानातच पाहून घ्यावे. ही बाब छोटी वाटते, पण दिवसभर जाळी कापणाऱ्याच्या बोटांना तिचे महत्त्व कळते.

बैल फळीतून न काढता दोन-तीन इंच जाड ठोकळ्यातून काढायचा असेल, तर या दोन्ही करवती अपुऱ्या पडतात, कारण छोट्या पात्याला भुसा बाहेर टाकायला जागाच मिळत नाही. तिथे लाकडी चौकटीची, मागच्या दोरीला पीळ देऊन पाते ताणणारी करवत उपयोगी पडते. तिचे पाते अरुंद पण लांब असते, आणि चौकट कोणताही जाणता वाढई घरच्या घरी करून देतो. ती मिळाली नाही, तर साध्या करवतीने कडेकडून रेघेपर्यंत जवळजवळ सरळ चिरा द्याव्यात आणि मधले तुकडे पटाशीने उडवून वळण मोकळे करावे. जाड लाकडात कोपिंग सॉशी झगडत बसण्यापेक्षा हे बरे.

आता दात. पातळ लाकडात कोणत्याही क्षणी साधारण तीन दात जाडीच्या आत असले पाहिजेत, नाही तर दात कडेला अडकतो, हिसका बसतो आणि ढलपी उडते. म्हणजे ३ मिलिमीटरच्या प्लायवूडला इंचाला चोवीस दात हवेत आणि ६ मिलिमीटरला बारा चालतात. मात्र याचा अर्थ बारीक दात नेहमीच चांगले असा घेऊ नये. एक इंच जाड लाकडात चोवीस दातांचे पाते घातले, तर दातांमधल्या इवल्या जागा भुशाने लगेच भरतात, पाते घासत राहते, तापते आणि रेघ सोडून भरकटते. बैलाच्या फळीला इंचाला दहा ते पंधरा दात पुरेत. फ्रेट सॉच्या पात्यांवर दातांच्या संख्येऐवजी क्रमांक असतात. शून्याच्या वरचा क्रमांक जितका मोठा तितके पाते जाडेभरडे, आणि दोन शून्ये किंवा तीन शून्ये असे जे सांगितले जाते ते उलट अधिकाधिक बारीक. पाव इंचाच्या जाळीला तीन ते पाच क्रमांकाच्या पात्याने सुरुवात करावी. पिळाची, सर्व बाजूंनी दात असलेली पातीही मिळतात. ती कोणत्याही दिशेला कापतात हे खरे, पण त्यांचा काप खडबडीत राहतो आणि नंतर कानशीने तेवढेच काम करावे लागते. मला ती पसंत नाहीत.

दातांइतकेच महत्त्व लाकडाला आहे, आणि इथे आमच्या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचा, विचार वेगळा करावा लागतो. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागवानाची कीर्ती सर्वदूर आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरच्या डेपोतूनच सागवान रवाना झाले, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचा सूक्ष्म अंश असतो आणि तो कोणत्याही धारेला बोथट करतो. शिवणीत जे पाते चार बैल कापते, ते सागात दुसऱ्याच बैलाला कुरकुरू लागते. हळदूचे लाकूड पिवळसर, बारीक पोताचे आणि एकसारखे असते, त्यात नाजूक नक्षी फार सुंदर उतरते. बाभूळ आणि धावडा यांच्या वाटेला वळणदार कामासाठी जाऊच नये, त्यांची जागा वखरात आणि बंडीत आहे. नवशिक्याने शिवणच घ्यावी. आणि शिंग किंवा पाय आखताना लाकडाचे तंतू त्यांच्या लांबीच्या दिशेने येतील अशी फळी फिरवावी. आडव्या तंतूंचे शिंग कितीही चांगल्या करवतीने कापले तरी पोळ्याच्या गर्दीत टिकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पाते ही संपणारी वस्तू आहे, ते बोथटते, तुटते, बदलले जाते. करवत विकत घेताना आपण प्रत्यक्षात घेतो ती चौकट, आणि चौकटीचे काम एकच: पाते ताणून ठेवणे. ताण कमी असेल तर उत्तम पातेही कापाच्या मध्यभागी पोटासारखे बाहेर येते आणि फळीच्या वर एक वळण, खाली दुसरेच वळण तयार होते. आमच्या गावातले एक वयोवृद्ध वाढई, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते नवीन चौकट हातात आली की आधी पाते आवळत, मग अंगठ्याच्या नखाने ते छेडत आणि कान जवळ नेत. आवाज बद्द आला की चौकट परत. “पातं बोललं पायजे जी, मंग कापते,” एवढेच ते दुकानदाराला सांगत. ताणलेल्या पात्यातून स्पष्ट, चढा सूर निघतो, आणि चौकट मऊ लोखंडाची असेल तर कितीही आवळले तरी तो सूर निघत नाही, फक्त चौकट आत झुकत जाते. नागपूरला इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत गेलात तर एकसारख्या दिसणाऱ्या चार चौकटी मागून घ्याव्यात आणि चारही अशाच छेडून पाहाव्यात. फरक लगेच कानावर येतो.

त्याच वेळी चौकट डोळ्यासमोर आडवी धरून पात्याच्या लांबीवरून नजर टाकावी. वरची आणि खालची पिन एका रेषेत नसेल तर पात्याला पीळ बसलेला दिसतो, आणि असे पाते सरळ रेघही सरळ कापत नाही. काम करताना पाते फिरवले की दोन्ही टोके सारखीच फिरवली आहेत ना, हे प्रत्येक वेळी असेच तपासावे.

पाते कोणत्या दिशेने लावावे याबद्दल मतभेद आहेत. कोपिंग सॉमध्ये काही जण दात मुठीच्या विरुद्ध बाजूला ठेवतात आणि ढकलून कापतात. माझे मत स्पष्ट आहे: नाजूक कामात दात मुठीकडेच असावेत आणि काप ओढताना व्हावा, कारण ढकलताना चौकट दबून पाते सैल पडू पाहते आणि ओढताना ते ताणलेले राहते. फ्रेट सॉला तर दुसरा पर्याय नाही. तिच्यासाठी बाकाच्या कडेला व्ही आकाराची खाच असलेली फळी क्लॅम्पने घट्ट बसवावी, काम त्या खाचेवर आडवे ठेवावे, मूठ खाली धरावी आणि करवत उभी चालवावी. वळण आले की करवत न फिरवता लाकूड फिरवावे, आणि टोकदार कोपऱ्यावर पुढे न ढकलता जागच्या जागी चार-पाच वेळा वर-खाली करत हळूहळू वळावे. पात्याला मेण लावले तर ते सागातही हलके चालते. काप नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूने जावा, रेघ शाबूत राहावी. उरलेला केसभर भाग कानशीचा.

गावातल्या दुकानात यातले काहीच मिळत नाही तेव्हा बरेच जण लोखंड कापायचे हॅकसॉचे पाते वापरतात. ते पाते रुंद असल्यामुळे वळत नाही. बैलाच्या पाठीसारखा लांबट बाक कसाबसा निघेल, शिंग निघणार नाही. त्यावर पैसे आणि वेळ घालवू नये.

नक्षीकामात सरळ पण बारीक कापही लागतात. देवघराच्या खणाचा डव्हटेल सांधा, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट दातांचा कोपऱ्याचा जोड, हे त्याचे उदाहरण. तिथे पाठीवर पितळेची किंवा लोखंडाची जाड पट्टी असलेली आठ-दहा इंचांची, इंचाला चौदा ते वीस दातांची करवत लागते. टेनन सॉ तिची थोरली बहीण आहे, पण तिचे दात या कामाला मोठे पडतात. ओढून कापणाऱ्या जपानी करवती हल्ली ऑनलाइन सहज मिळतात. त्यांचे पाते फार पातळ असते आणि मऊ लाकडात त्यांचा काप आरशासारखा येतो. परंतु आजकालच्या बहुतेक जपानी पात्यांचे दात विजेच्या उष्णतेने कठीण केलेले असतात. टोकांवरच्या निळसर छटेवरून ते ओळखू येतात आणि त्यांना कानस लागत नाही. सागातल्या गाठीवर असा एखादा दात तुटला की दुरुस्ती नाही, पातेच बदलावे लागते, आणि ते आमच्याकडे पोहोचेपर्यंत सण होऊन जातो. म्हणून खेड्यात काम करणाऱ्याने त्रिकोणी कानशीने धार लावता येईल अशीच पाठीची करवत घ्यावी, असा माझा आग्रह आहे. शहरात राहून शिवण किंवा पाइनवर काम करणाऱ्याने जपानी करवत जरूर घ्यावी.

पाती मात्र घाऊक घ्यावीत. कोपिंग सॉची निदान अर्धा डझन आणि फ्रेट सॉची डझनभर पाती श्रावणाच्या आधीच घरात असावीत. ही पाती इतकी पातळ असतात की आमच्या धानपट्ट्यातल्या पावसाळी हवेत उघडी राहिल्यास आठवड्यात तांबूस होतात, आणि गंजलेले पाते ताण दिल्याबरोबर पिनेपाशी तुटते. शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवून, कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. काम संपल्यावर चौकटीतल्या पात्याचा ताण सोडावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळून, छेडून मगच पहिला काप घ्यावा.