पडद्याकडची पिलं

जानेवारीतली सकाळ. साक्री तालुक्यातल्या एका शेडवर पाच आठवड्यांची मेलेली ब्रॉयलर कोंबडी उताणी ठेवली, पोटाला कात्री लावली आणि पिवळसर पाणी भसकन बाहेर आलं. दुसरी, तिसरी, तेच. हृदयाची उजवी बाजू फुगून सैल पडलेली. असायटिस, म्हणजे हृदय थकून पोटात पाणी साठणं.

"सगळी मर पडदाकडनी शे, डाक्टर," बापू म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. डिसेंबरात ही बॅच आली, त्याच्या दुसऱ्याच रात्री लाइट गेली होती. त्या बाजूचा पडदा फाटका. सकाळी पोचलो तेव्हा मधल्या जाळीपलीकडची पिलं बरी होती. इकडची एकमेकांवर चढून ढीग करून बसलेली. एकाचे पाय गालाला लावून पाहिले, तर गारठण. "थंडी खायेल पिल्लू काटक व्हस," बापू म्हणाले, आणि मी चक्क मान डोलावली!

अर्धवट वाचलेलं डोक्यात होतं ना. इस्राएलमधल्या प्रयोगांत तीन-चार दिवसांच्या पिलांना गार हवेत ठेवलं, तर पुढे ती थंडीला जास्त टिकली. अंगाची ऊब सांभाळणारं मेंदूतलं केंद्र त्या वयात घडत असतं, म्हणून. पण तो गारवा मोजून दिलेला, थोड्या तासांचा. इथे अख्खी रात्र. पहिल्या आठवड्यात पिलाला ३२ ते ३५ अंश लागतात. स्वतःची ऊब स्वतः धरणं त्याला जमत नाही.

पुढे जानेवारीत पारा १० च्या खाली गेला. थंडीत ऊब टिकवायला प्राणवायू जास्त लागतो. कोंबडीची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली, आपल्यासारखी फुगत नाहीत. सगळा भार हृदयावर. पडद्याकडची तिथेच हरली. सगळा दोष त्या एका रात्रीचा, असंही नाही म्हणणार. पडदा अजून फाटकाच होता.

"थर्मामीटर तं तीस दखाडे," बापू म्हणाले.

तो खांबाला माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर टांगलेला. काढला, तुसाजवळ, पिलाच्या पाठीच्या उंचीला धरला आणि उकिडवा बसून राहिलो. काटा खाली येत येत बावीसवर थांबला. बापूंनी वाकून पाहिलं, काही बोलले नाहीत. आत जाऊन सुतळी घेऊन आले.