बासचं सामान, माळव्याचं पाणी

बास हा मासा आपल्या माळव्यात नाही. लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. पण रॉड, रील, ल्यूर म्हणजे खोटं आमिष विकणाऱ्यांचं निम्मं जग त्याच्याच जिवावर चालतं. ल्यूरच्या डबीवर त्याचा वासलेला जबडा, रॉडवर छापलेले आकडे त्याच्या हिशोबाचे, यूट्यूबवर शिकवणारे सगळे त्याच्याच मागे. त्यामुळे इंदुरात कुणी ल्यूरनं मासे धरायचं मनावर घेतलं की तो आधी बासचं सामान मागवतो आणि मग कुणाला तरी विचारतो, की आता याचं काय करू.

या वेळी विचारणारा माझा भाचा होता. नोकरीसाठी पुण्याहून इंदुरात आलाय, सुपर कॉरिडॉरला ऑफिस आहे. सराफ्यात गराडू खाता खाता त्यानं मोबाइलवरची यादी माझ्यापुढे धरली. बेटकास्टिंग रील, फ्लोरोकार्बन लाइन, सात-आठ रंगांचे प्लास्टिकचे किडे, चार क्रँकबेट, दोन स्पिनरबेट, फ्रॉग एक.

"मामा, सुरुवातीला एवढ्यात भागेल ना?"

"अरे, दुकान टाकायचंय का तुला?"

त्याला तिथे जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. दिवसभर हातात तांब्याची तार असते, म्हणून ल्यूरपेक्षा माझं लक्ष लाइनकडे जास्त जातं, हे आधीच सांगून ठेवतो.

बासचं सामान आपल्याकडे चालतं का? चालतं, आणि कारण सोपं आहे. बास राहतो कोमट, संथ, गवताळ पाण्यात. आडोसा धरून बसतो आणि भक्ष्य जवळ आलं की झडप घालतो. आपली मरळ, जिला इथले मच्छीमार सांवल म्हणतात, अगदी हेच करते. अमेरिकेत २००२ साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळीची चिनी चुलत बहीण सापडली तेव्हा केवढा गहजब झाला. तळ्यात औषध टाकून सगळे मासे मारले. पुढे पोटोमॅक नदीत ती पसरलीच. आता तिथले बासवाले त्याच रॉडनं, त्याच रबरी बेडकानं तिला धरतात. म्हणजे यादीतला फ्रॉग भाच्यानं चुकून का होईना, बरोबर घेतला होता. फक्त एकच घेतला होता.

फ्रॉग म्हणजे आतून पोकळ, मऊ रबराचा बेडूक. त्याला दोन टोकांचा एकच हुक असतो आणि दोन्ही टोकं वर, पाठीला चिकटून. जलकुंभीवरून, म्हणजे जलपर्णीवरून, कमळाच्या पानांवरून तो घसरत येतो, अडकत नाही. मरळीनं तोंडात दाबला की रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात. सगळी करामत इथे आहे, म्हणून विकत घेताना बोटांनी दाबून बघा. स्वस्तातले फ्रॉग कडक असतात, चेपतच नाहीत. मासा लागतो, उडतो आणि निघून जातो. नवा फ्रॉग घरी आणला की मी पक्कड घेऊन दोन्ही टोकं पाठीपासून केसभर वर उचलतो. केसभरच, जास्त उचलली तर तो गवत गोळा करत येईल. मग मागच्या रबरी झालरीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा आखूड कापायचा. त्यामुळे झटका दिला की तो डावी-उजवीकडे वळतो, नुसता सरळ ओढला जात नाही. आणि दर चार-पाच फेकींनंतर पोट दाबून आत गेलेलं पाणी काढायचं, नाहीतर तो मागून बुडतो.

मासा लागला की लगेच झटका मारू नका. पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप वर जातो, तो आवरायचा. रॉडचं टोक खाली, लाइन ताणली जाईपर्यंत थांबायचं, वजन जाणवलं की मग जोरात. बासवालेही हेच सांगतात, पण मरळीला जास्त लागू आहे, कारण ती तोंडात धरून चावते.

रंगाचं एवढं काही नसतं. मरळ खालून बघते, तिला वर आकाशापुढे काळी आकृती दिसते. गढूळ पाण्यात आणि संध्याकाळी काळा, बाकी वेळी पांढऱ्या पोटाचा. दोन रंग पुरे. बाकीचे रंग माशाला नाही, गिऱ्हाइकाला पकडायला केलेले असतात.

आता लाइन.

लाइन तीन जातींची. साधी नायलॉन, म्हणजे मोनो. फ्लोरोकार्बन. आणि ब्रेड, म्हणजे पॉलिथिलीनचे अतिशय मजबूत बारीक धागे एकत्र विणलेली. ब्रेड पाण्यापेक्षा हलकी, तरंगते. नायलॉन पाण्याहून थोडी जड, हळूहळू बुडते. फ्लोरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट जड, झपकन बुडते. फ्रॉग पाण्यावर चालवायचा असेल तर फ्लोरोकार्बन त्याचं नाक खाली ओढते. ती लाइन पाण्यात कमी दिसते हे खरं, तिचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळचा आहे, आणि अमेरिकेतल्या काचेसारख्या स्वच्छ तळ्यांत त्याचा उपयोग होत असेल. आपल्या तळ्यात काळ्या मातीचं पाणी, वीतभर खालचं दिसत नाही. तिथे न दिसणाऱ्या लाइनीला दुप्पट पैसे कशाला द्यायचे?

नायलॉन ताणली जाते. लांबवर, गवतात मासा लागला तर तुमचा झटका त्या ताणातच विरतो. शिवाय ती पाणी पिते, भिजल्यावर ताकद थोडी उतरते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात खराब होते. पण फेकून देण्यासारखी नाही. ब्रेड गुळगुळीत असते, रिकाम्या स्पूलवर, म्हणजे रीलच्या रिळावर, सरळ गुंडाळली तर सगळा गोळाच्या गोळा स्पूलवर गरागरा फिरतो आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, बिघडला. म्हणून आधी थोडी नायलॉन भरायची, त्यावर ब्रेड. भरताना ओल्या फडक्यातून, चांगली ताणून. आमच्याकडे कॉइल ढिली गुंडाळली तर मोटर जळते. इथे ढिली ब्रेड पुढच्या झटक्याला खालच्या थरात रुतते आणि फेकताना अडकते. स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडायची. काठोकाठ भरली की वेटोळी एकदम सुटून येतात.

पाकिटावरच्या आकड्यांचं काय करायचं? अमेरिकन पाकिटावर पौंड असतात, जपानी पाकिटावर पीई नंबर. जपान्यांनी १९२५ साली अमेरिकेतून बास नेऊन आशी तलावात सोडला. आज तिथे तो उपद्रवी परका मासा म्हणून कायद्याच्या यादीत आहे, पण त्याच्या नादात तिथल्या कंपन्या सामान मात्र उत्तम बनवायला लागल्या. जगातल्या सगळ्यात मोठ्या बासचा मान जॉर्जियातल्या १९३२ च्या माशाइतकाच तिथल्या बिवा तलावातल्या २००९ च्या माशाला आहे. दोन्ही २२ पौंड ४ औंसांचे, म्हणजे दहा किलोंच्या वर. तर पीई नंबर जाडीचा असतो: पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे ०.२३५. पौंडाचा आकडा कुणीही काहीही छापतो. जाडी लपवता येत नाही.

ती मी अशी बघतो. ब्रेड मायक्रोमीटरमध्ये चेपते, आकडा खोटा येतो. पेन्सिलीवर दहा वेढे शेजारी शेजारी, फट न ठेवता गुंडाळायचे आणि पट्टीनं रुंदी मोजायची. रुंदी भागिले दहा. तारेचा गेज सापडत नाही तेव्हा आम्ही हेच करतो. ३० पौंडांची चांगली ब्रेड ०.२८ च्या आसपास भरते. तुमची ०.४ भरली आणि पाकिटावर ३० पौंड असेल, तर समजा की जाड दोरा घालून आकडा गाठलाय. असली जाड दोरी फेकताना हवा धरते, लांब जात नाही.

ताकद बघायला बॅगा तोलायचा हुकवाला काटा पुरतो. लाइनीचं एक टोक गुळगुळीत पाइपला सात-आठ वेढे देऊन बांधा, दुसऱ्या टोकाला तुम्ही नेहमी मारता तीच गाठ मारून काट्याच्या हुकात अडकवा आणि हळूहळू ओढा. तोंड बाजूला ठेवा, तुटली की काटा उसळतो. तुटेल ती बहुतेक गाठीशीच. त्या क्षणीचा आकडा हीच तुमच्या लाइनीची खरी ताकद. त्याच काट्यावर ड्रॅगही लावून घ्यायचा. उघड्या पाण्यात या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा. गवतात मरळीला मात्र ड्रॅग जवळजवळ बंदच, कारण तिला दोन हात पळू दिलं की ती मुळांत घुसली.

ब्रेडला गाठ पालोमार. वीतभर लाइन दुहेरी करून हुकच्या डोळ्यातून काढायची, साधी गाठ मारायची पण आवळायची नाही, मग राहिलेल्या फाशातून अख्खा फ्रॉग पार करायचा, थुंकी लावायची आणि दोन्ही पदर एकत्र ओढायचे. फ्रॉग मोठा असतो म्हणून फासा आधीच मोठा ठेवायचा. कोरडी गाठ आवळू नका, घासून गरम होते आणि तिथेच कच्ची राहते.

मरळीला दात असतात. दिवसात एक-दोन मासे लागले की शेवटचा हातभर भाग बोटांच्या चिमटीतून ओढून बघायचा. केसाळ लागला की कापा आणि नवी गाठ मारा. कापलेला तुकडा खिशात. इंदुरजवळच्या यशवंत सागर तलावावर सारस येतात, आणि पायात नायलॉन अडकलेला पक्षी एकदा बघितलात की सांगावं लागत नाही.

दातांवरून आठवलं. व्हिडिओत बासच्या तोंडात अंगठा घालून त्याला उचलतात. बासचे दात खरखरीत कागदासारखे, काही होत नाही. मरळीच्या तोंडात अंगठा घालू नका. पढीन या मोठ्या दाताळ माशाच्या तर मुळीच नाही. लांब पक्कड आणि लिप ग्रिप, म्हणजे माशाचा ओठ धरायचा चिमटा, यादीत सगळ्यात वर लिहा.

भाच्याच्या बाकीच्या यादीवर काट मारली. क्रँकबेट म्हणजे माशाच्या आकाराचं कडक ल्यूर, त्याला पोटाखाली दोन-दोन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे, हुक. गवताळ तळ्यात पहिल्या फेकीला मासा नाही, दहा रुपयांची जलकुंभी येते. नर्मदेवर, बडवाहकडे उघड्या खोल पाण्यात त्यांचा उपयोग होतो, तेव्हा घे म्हटलं. तिथे महाशीर लागला तर सोडायचा. तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेत आता फार उरलेला नाही. प्लास्टिकच्या किड्यांचा शोध १९४९ सालचा, ओहायोतल्या ॲक्रनच्या निक क्रीमचा. गोष्ट मस्त आहे, पण मरळ शेपूट तोडून नेते आणि पाकीट एका सकाळीत संपतं. शिवाय ते किडे गाडीच्या डिकीत मे महिन्यात ठेवले तर एकमेकांत वितळतात आणि डबाही खातात. स्पिनरबेट ठेवला, एकच. फिरणारं गोल पातं असलेला, कारण गढूळ पाण्यात त्याचा थरथराट माशाला लांबून कळतो. बेटकास्टिंग रील परत पाठवायला लावली. त्यात स्पूल स्वतः फिरतो, लाइन जाण्याचा वेग कमी झाला आणि अंगठा वेळेवर पडला नाही की आत घरटं तयार. साधी स्पिनिंग रील, ३००० नंबरची, त्यावर मीडियम हेवी रॉड, साडेसहा ते सात फूट. रॉडवर ल्यूरचं वजन औंसात असतं: पाव औंस म्हणजे सात ग्रॅम, पाऊण म्हणजे एकवीस. फ्रॉग बहुतेक या दोन आकड्यांच्या मधेच बसतात. जुना रॉड मिळत असेल तर प्रत्येक कडीतून कानातल्या कापसाची काडी फिरवून बघा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे आणि ती ब्रेड कापणार.

जायचं कुठे? सिरपूरला नाही, ती पक्ष्यांची जागा आहे, यशवंत सागरसारखीच २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. मोठे तलाव बहुतेक मच्छीमार समित्यांना ठेक्यानं दिलेले असतात, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. विचारलं तर सहसा चहा पण मिळतो. मी जातो देवासकडे, टोंकखुर्दच्या बाजूला, ओळखीच्या शेतकऱ्यांच्या तळ्यांवर. तिथे शेततळी भरपूर आणि मरळ आपली आपण पोचलेली असते. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा बुडबुडत फिरताना दिसला तर त्यात फ्रॉग टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात आणि ते हमखास झडप घालतात, म्हणूनच टाकायचा नाही. राखण गेली की तो थवा संध्याकाळपर्यंत इतर मासे खाऊन टाकतात.

१६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते, १९७२ च्या नियमांप्रमाणे. नदीशी संबंध नसलेली छोटी तळी त्यातून सुटतात, पण मी तेव्हाही जात नाही. त्या दोन महिन्यांत रीलवरची ब्रेड काढून उलटी भरतो. खालचा न वापरलेला भाग वर येतो आणि त्याच पैशात आणखी एक हंगाम निघतो. भाच्याची रील आलीय, रविवारी दुकानात बोलावलंय त्याला, कॉइलच्या मशीनवरच भरून देईन.