३८४ कारखाने कुठून आणू? यंत्रमागावरच्या पीएच.डी.चा माझा अनुभव

वाणिज्य शाखेचा कुठलाही प्रबंध उघडा आणि 'संशोधन पद्धती'चं प्रकरण काढा. नमुना ३८४ चा असण्याची शक्यता बरीच आहे. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता छापला. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चुकीची मुभा धरली, की समष्टी (ज्यांचा अभ्यास करायचा ते सगळे मिळून) कितीही मोठी असो, नमुन्याचा आकडा ३८४ वर येऊन थांबतो. गणित चोख आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे सगळ्यांची यादी तुमच्या टेबलावर आहे आणि तुम्हाला तिच्यातून चिठ्ठ्या काढायच्या आहेत. माझ्या पीएच.डी.ची निम्मी वर्षं ही यादी शोधण्यात गेली. आता मागे वळून बघता तेच खरं संशोधन होतं, असं मला वाटतं.

विषय होता इचलकरंजीतल्या लहान यंत्रमागधारकांचं खेळतं भांडवल. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. फेलोशिप नव्हती, त्यामुळे एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल असंच गाव हवं होतं. पण इचलकरंजी निवडायला तेवढंच कारण नव्हतं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आणला, त्याला शंभरावर वर्षं झाली. जहागिरीचं गाव कापडाचं शहर झालं, २०२२ मध्ये महानगरपालिकाही झाली. तरी खर्चीवाल्याच्या हातात महिन्याला किती पैसा फिरतो, यावर मला वाचायला जे मिळालं ते तुटपुंजं होतं. खर्चीवाला म्हणजे व्यापाऱ्याकडून सुताची बीमं (उभं सूत गुंडाळलेले मोठे रूळ) घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा. सूत त्याचं नाही, कापडही त्याचं नाही. माग, वीज, कामगार आणि काळजी एवढंच त्याचं.

पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, आराखडा यावर फार लिहीत नाही. जो जातो तो त्यातून पार होतोच. सल्लागार समितीसमोर आराखडा ठेवला तेव्हा पहिला प्रश्न आला, "युनिव्हर्स किती?" म्हणजे असे यंत्रमागधारक एकूण किती. मी म्हटलं, शोधायचंय. एक सदस्य हसले, "आधी ते शोधा, मग बाकीचं."

शोधायला निघाले. आर्थिक गणना पाहिली तर सहावी २०१३-१४ ची. सातवीचं काम २०१९ मध्ये सुरू झालं खरं, पण माझं काम उरकेपर्यंत तिचे निकाल आले नाहीत. वार्षिक उद्योग पाहणीत कारखाना कायद्याखाली येणारे कारखाने असतात. माझे लोक दहा कामगारांच्या आतले, ते तिथे नाहीतच. असंघटित उद्योगांची राष्ट्रीय नमुना पाहणी आता दरवर्षी होते आणि तिची एकेका घटकाची माहिती फुकट उतरवून घेता येते. ही सोय किती मोठी आहे हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. देश आणि राज्य समजायला ती उत्तम. पण एका शहराबद्दल ती बोलू शकत नाही, तिचा नमुना त्यासाठी काढलेलाच नसतो.

राहिली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आहे, स्वयंघोषणेवर, पॅन क्रमांकावर. मी हरखले, कारण ही ताजी आणि सरकारी यादी होती. पण गल्लीत उतरल्यावर तिचं पाणी कळलं. एका पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस माग. आठ थोरल्या भावाच्या नावावर, आठ धाकट्याच्या, आठ वहिनींच्या. वीजमीटर तीन, पॅन तीन, उद्यम नोंदण्या तीन. बीम कुणाकडून घ्यायचं, कामगाराला उचल किती द्यायची, माग कधी बंद ठेवायचे हे ठरवणारा माणूस मात्र एकच, थोरला. शेजारच्या शेडमध्ये बरोबर उलटं. मीटर म्हाताऱ्या मालकाचं, नोंदणी त्याच्या नावाची, आणि माग भाड्याने चालवणारा तिसराच, ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. खेळत्या भांडवलाची ओढाताण मात्र त्याचीच.

आता यातला 'उद्योग' कोणता? मीटर विभागलेले असण्यामागे कारणही आहे. यंत्रमागाच्या वीजसवलतीत २७ अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे असा भेद होतो, मग लोक रेषेच्या आत राहायचं बघतात. त्यात लबाडी म्हणावी असं मला वाटत नाही. सरकारने रेषा ओढली, लोकांनी शेड त्या रेषेप्रमाणे मांडली. पण संशोधक सरकारी यादी घेऊन बसला की त्याला एका माणसाचे तीन उद्योग दिसतात आणि तो 'सूक्ष्म उद्योगांचा सरासरी आकार' काढून मोकळा होतो.

त्याच सुमारास दुसरी गंमत झाली. आयकराचं कलम ४३बी(एच) २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर ती रक्कम चुकती करेपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजा मिळत नाही. कायदा लहान माणसाच्या भल्यासाठी होता. बाजारात बोलणं सुरू झालं ते उलटंच. "मॅडम, व्यापारी म्हणत्यात, उद्यम काढून टाक, न्हाईतर काम दुसऱ्याला देतो." म्हणजे माझी यादी माझ्या डोळ्यांदेखत बदलत होती, आणि ज्या कारणाने बदलत होती तोच माझा विषय!

माहितीच्या अधिकाराचाही अर्ज केला. १० रुपयांचा स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. नावं मागितली तर व्यापारी गोपनीयतेचं कलम दाखवून नकार आला, आणि तो मला पटला. दुसऱ्या अर्जात फक्त भागवार संख्या मागितल्या, त्या मिळाल्या. नवीन मुलांना माझं सांगणं आहे की अर्जात नावं मागूच नका, आकडे मागा.

यादी न मिळाल्याचं सांगायला मार्गदर्शकांकडे गेले तेव्हा त्यांनी हॅरॉल्ड मॅनचं नाव काढलं. हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. आज तिथे फ्लॅटच फ्लॅट आहेत. तेव्हा शेतं होती. मॅनने खातेदार वेगळे मोजले आणि जमिनीचे तुकडे वेगळे, म्हणून तुकडीकरण किती झालंय हे त्यांना दिसलं. पुढे धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने पुण्याची पाहणी केली, तीही घरोघर फिरूनच. सर एवढंच म्हणाले, "यादी नसेल तर यादी कर. आधी मोज, मग निवड."

मग तेच केलं. शहराच्या नकाशावर यंत्रमागाचे भाग आखले, त्यातले काही चिठ्ठीने उचलले आणि त्या भागातली प्रत्येक गल्ली पायी फिरून प्रत्येक शेड नोंदवली. साध्या मागाचा खडखडाट इतका असतो की शेड चुकणं कठीण. बंद पडलेल्या शेड मात्र शेजाऱ्यांना विचारूनच सापडतात, आणि मंदीचा अभ्यास करायचा तर त्याच महत्त्वाच्या. प्रत्येक शेडबद्दल तीन गोष्टी लिहिल्या: छप्पर किती, मीटर किती, आणि कामगारांचा पगार कोण वाटतो. जो पगार वाटतो तो एक उद्योग, ही माझी व्याख्या ठरली. त्यावर समितीत बराच वाद झाला. पुस्तकात अशी व्याख्या नाही, हे खरंच होतं.

दारं उघडायला मदत झाली ती एका पिग्मी एजंटांची. रोज संध्याकाळी पतसंस्थेचं मशीन घेऊन ते शेडशेड फिरतात, कुणाचा माग बंद आहे हे त्यांना मालकाच्या सासऱ्याआधी कळतं. "ह्या आपल्या कॉलेजच्या मॅडम हायत, लिहून घेत्यात, बाकी काय न्हाई," एवढं त्यांनी म्हटलं की खुर्ची पुढे यायची. पण त्यांच्याकडून मी नावं घेतली नाहीत. ज्याच्याकडे रोज वीस-पन्नास रुपये बाजूला टाकायला आहेत तोच त्यांचा गिऱ्हाईक. पार बुडालेला माणूस पिग्मी भरत नाही. ओळख त्यांची, निवड माझ्या चिठ्ठीची, हे मी शेवटपर्यंत पाळलं. एक तोटाही झाला. काहींना वाटलं मी पतसंस्थेकडून वसुलीला आलेय.

"तुमी जीएसटीच्या काय?" हा प्रश्न तर ठरलेला. समितीने सहीचा संमतीपत्र नमुना दिला होता. सही म्हटली की गडी मागे सरकायचा. "माहिती घ्या की, सही कशाला?" त्याचं बरोबर होतं, सही केलेल्या कागदांनीच त्याला आजवर नडवलेलं असतं. शेवटी तोंडी संमती घ्यायची, मी माझ्या वहीत वेळ आणि तारीख घालून ती नोंदवायची आणि नाव मुलाखतीच्या कागदावर लिहायचंच नाही, असं समितीकडून मंजूर करून घेतलं. यासाठी एक अख्खी बैठक गेली, पण ती वसूल झाली.

प्रश्नावलीचं काय झालं तेही सांगते. पहिल्या मसुद्यात पाच टप्प्यांची विधानं होती: 'मला वेळेवर भांडवल मिळते', पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. सॉफ्टवेअरला हे फार आवडतं, क्रॉनबॅक अल्फाही (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) छान येतो. चाचणीच्या मुलाखतींत बहुतेकांनी सगळीकडे मधलंच सांगितलं. एकजण म्हणाला, "तुमाला पायजे ते टाका की मॅडम." मागांच्या आवाजात, पाळी बदलायच्या गडबडीत, अनोळखी बाईला तो आणखी काय सांगणार? आणि उलाढाल-नफा विचारला तर उत्तर खोटं नाही, पण कराच्या फॉर्मवर असेल तेच.

म्हणून जे मोजता येतं तेच विचारायला लागले. गेल्या बीमची मजुरी पिकामागे (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा) किती ठरली? कापड कधी दिलं, पैसे कधी आले? रोख हवे म्हणून वटाव (सूट) किती सोडला? कामगाराला उचल किती दिलीय? ती उचल कुठून आणली: पतसंस्था, भिशी, सोनं, का मेहुणा? ही उत्तरं माणसं पटापट देतात, कारण हा हिशेब त्यांच्या डोक्यात रोज चालू असतो. काही घरांत तो डोक्यातही नव्हता, वहीत होता, आणि वही बायकोच्या ताब्यात. आडव्या सुताच्या कांड्या भरता भरता "ह्यांना काय आठवतंय?" म्हणून तिने तारखांसकट सगळं वाचून दाखवावं, असं एकदा नाही, पुष्कळदा झालं. प्रश्नावलीत 'उत्तरदाता: मालक' असं छापलेलं होतं. ते मी खोडून 'हिशेब ठेवणारी व्यक्ती' केलं.

सगळ्यात भरवशाचा कागद निघाला वीजबिलाचा. "गेल्या वर्षी माग किती दिवस बंद होते?" याला उत्तर येतं, "वर्षभर मंदीच की!" बिलावर मात्र मागच्या महिन्यांचे युनिट असतात. मागांची संख्या माहीत असली की कुठल्या महिन्यात एकच पाळी चालली, कुठल्यात शेड बंद होती, याचा बऱ्यापैकी अंदाज निघतो. आणि गंमत म्हणजे उलाढाल न सांगणारा माणूस बिल बिनदिक्कत दाखवतो, कारण बिलाबद्दल त्याला तक्रारच करायची असते. माझ्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण जवळजवळ सगळं या बिलांवर उभं आहे. काम मिळूनही माग बंद ठेवल्याचे महिने त्यात दिसतात, आणि विचारलं की कारण निघतं ते एकच: मागचे पैसे आले नव्हते.

पुढचं भराभर उरकलं. गृहीतकं लिहावीच लागली, काय-वर्ग (chi-square) या संख्याशास्त्रीय चाचण्या केल्या, समितीला बरं वाटलं. शोधनिबंध "चार दिवसांत छापून देतो" अशा ईमेलांना उत्तर दिलं नाही. २०२२ च्या युजीसी नियमांनी प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे, हे फॉर्म भरणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं. साम्य तपासणीत (दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतं ते बघतात) २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत चालतं. माझं कमी आलं, कारण निम्मा प्रबंध अशा कागदांवर होता जे आधी कुणी छापलेच नव्हते.

मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. प्रबंध चाळून पहिलाच प्रश्न: "नमुना ३८४ का नाही?" मी नकाशा काढला, भाग दाखवले, चोवीस मागांच्या त्या शेडचं उदाहरण सांगितलं. त्यांनी विचारलं, उद्यमच्या यादीने गेला असतात तर निष्कर्ष किती बदलला असता? यासाठी मी तयार होते. तेच विश्लेषण नोंदणीप्रमाणे करून परिशिष्टात ठेवलं होतं. तिथे उद्योग लहान दिसतात, संख्येने जास्त दिसतात आणि भाड्याने चालवणारे पुसले जातात. त्यांनी ते परिशिष्ट मुख्य भागात घ्यायला सांगितलं. मीही तेच सुचवलं होतं, दोन वर्षांपूर्वी, पण असो.

दुरुस्ती करून प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढला. मागधारकांसाठी दोन पानांचा मराठी गोषवारा वेगळा काढून पिग्मी एजंटांच्या हाती वाटला. त्यावर आलेली पहिली प्रतिक्रिया अशी की मजुरीचा दर जुना आहे, आता बदललाय, दुरुस्त करा. माहितीची फाईल नावं-पत्ते काढून तयार आहे आणि मागेल त्या विद्यार्थ्याला मी देते. वापरण्याआधी पहिल्या पानावर 'उद्योग' कशाला म्हटलंय ते तेवढं वाचून घ्यावं, नाहीतर मीटरची संख्या आणि मालकांची संख्या जुळत नाही म्हणून फोन येतात.