दाखला आणा, मग बघू

शाळा उघडण्याच्या दिवशी आम्ही पहिलीच्या मुलांच्या पावलांचे ठसे घेतो. ताटात कुंकवाचं पाणी, शेजारी पांढरा कागद. मूल पाय मागे ओढतंय, आई पुढे सरकवतेय. जून २०२५ मध्ये अशाच एका पोरीचा पाय हातात धरून बसलो होतो, तेव्हा फाटकाशी एक बाई उभी दिसली. सोबत नऊ वर्षांचा मुलगा. अंगात कुठल्याशा इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा शर्ट, बाह्या पार आखूड झालेल्या.

जुन्नर तालुक्यातली आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. मुख्याध्यापकाचा कारभार माझ्याकडेच. म्हणजे वर्गही घ्यायचे आणि ऑनलाइन माहित्याही भरायच्या.

"या ताई, आत या. दाखला आणलाय का?" सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"न्हाई दिला, सर. फी भरल्याबिगर देत न्हाईत." मग थोडं थांबून म्हणाली, "दिवाळीनंतर आले व्हते तवा तुम्हीच म्हणाला व्हता, दाखला आणा, मग बघू."

मला आधी काही आठवेना. मग आठवलं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जायची माझी गडबड चालली होती. दारात कुणीतरी उभं होतं आणि पिशवी उचलता उचलता मी ते वाक्य टाकलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. ती परत गेली ती थेट आज आली होती.

नोव्हेंबर ते जून. तिसरीचं उरलेलं सगळं वर्ष त्या पोरानं टोमॅटोच्या तोडणीवर आईबरोबर काढलं होतं. बाप पिकअप चालवायचा. हप्ते थकले म्हणून गाडी ओढून नेली, आणि त्याच सुमारास फी थांबली.

ठसे तसेच सहशिक्षिकेवर सोपवून मी दोघांना ऑफिसात बसवलं. मुलाला सहज विचारलं, "सदतीस क्रेट भरले तर किलो किती?" नारायणगावच्या बाजारात क्रेट २० किलोचं धरतात. त्यानं क्षणभर वर बघितलं आणि म्हणाला, "सातशे चाळीस." मग तिसरीचं मराठीचं पुस्तक पुढे ठेवलं. पहिल्या ओळीतल्या जोडाक्षरापाशी त्याचं बोट थांबलं ते थांबलंच. मान वर करीना. आई पदराशी चाळा करत खाली बघत होती, आणि मला त्या दोघांच्या समोर बसवत नव्हतं.

कारण मला कायदा माहीत होता. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं कलम ५ सांगतं की जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश लांबवायचा नाही की नाकारायचा नाही. कलम १५ प्रमाणे वर्षाच्या मध्ये आलेलं मूलही परत पाठवता येत नाही. हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं, पालकसभेत सांगितलंही होतं. त्या शाळेची थकबाकी खरी असेल, त्यांनाही शिक्षकांचे पगार द्यायचे असतात. पण वसुलीसाठी पोराचा दाखला अडवून ठेवणं मला कधीच पटणार नाही. आणि त्यांनी अडवला तरी माझं दार उघडं असायला हवं होतं. ते मीच लावून घेतलं होतं.

"ताई, माझी चूक झाली," मी म्हणालो. "तेव्हाच पोराला शाळेत घ्यायला हवं होतं."

ती काही बोलली नाही. जरा वेळानं विचारलं, "मग आता तिसरीत बसवणार का?"

नाही, चौथीत. कायद्यानं मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायची जबाबदारी शाळेची असते. जनरल रजिस्टर काढून नाव लिहिलं. मागच्या शाळेच्या दाखल्याचा रकाना रिकामा ठेवला. तिनं पैशांचं विचारलं. काही नाही, म्हटलं. पुस्तकं यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या आकड्याप्रमाणे येतात, त्यामुळे त्याच्या वाटणीचा संच नव्हताच. पाचवीला गेलेल्या एका मुलीकडून जुना मागवला. दुपारी खिचडीच्या रांगेत तो सगळ्यांच्या मागे उभा राहिला. ताटली कुठून घ्यायची ते त्याला ठाऊक नव्हतं.

शाळा सुटल्यावर संगणक उघडला. यू-डायसच्या पोर्टलवर तो अजून जुन्याच शाळेत दिसत होता. त्या शाळेनं ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत टाकल्याशिवाय आम्हाला तो आमच्या पटावर ओढता येत नाही. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. इतके महिने घरी बसलेलं हे पोर कागदोपत्री एकही दिवस शाळाबाह्य नव्हतं. शाळाबाह्य मुलांच्या यादीत त्याचं नाव यायचं कारणच नव्हतं. तो शाळेत जात नाही, हे फक्त त्याच्या आईला माहीत होतं, आणि एकदा दारात उभं राहून तिनं मला सांगितलं होतं.

त्याच रात्री जुन्या शाळेला पत्र लिहिलं, जावक क्रमांक टाकला, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दाखला ऑगस्टमध्ये आला. तोवर रोज परिपाठाआधी अर्धा तास मी त्याला घेऊन बसत होतो. क्रेटवरची नावं, बाजारभावाचं कात्रण, जे हाताला लागेल ते वाचायचं. 'व्यापारी' हा त्याचा पहिला न अडखळता वाचलेला जोडाक्षराचा शब्द.

जुलैत एका सकाळी त्याची आई पुन्हा फाटकाशी दिसली. बरोबर तोडणीवरची दुसरी एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. त्या बाईकडे मुलीच्या जन्माचा दाखलाही नव्हता, म्हणून ती आत यायला कचरत होती. मी उठून दाराशी जाईपर्यंत हिनंच तिचा हात धरला होता.

"चल गं आत. घेत्यात. दाखला लागत न्हाई."