टायटनवरचे गोटे

माझ्या टेबलावर एक गोटा आहे, गावच्या नदीतून आणलेला, काळा, गुळगुळीत, मुठीत बरोब्बर बसतो. आत्ता बाहेर धो धो चालूये, पत्र्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, आणि मी तो गोटा हातात धरून परत तोच फोटो बघत बसलेय.

फोटो टायटनचा, म्हणजे शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राचा. १४ जानेवारी २००५ ला ह्युजेन्स यान पॅराशूटने तिथे उतरलं आणि समोर काय, तर नारिंगी उजेडात पसरलेले गोटे! कडा झिजलेले, अगदी नदीतल्यासारखे. फक्त ते दगडाचे नाहीत, पाण्याच्या बर्फाचे आहेत, कारण तिथे उणे १८० च्या आसपास थंडी, त्यात बर्फ दगडासारखा टणक होतो. आणि पाऊस पडतो तो मिथेनचा. आपल्याकडे जो गॅस, तो तिथे पाणी.

पृथ्वीबाहेर पाऊस म्हटलं की लोक शुक्राचं नाव घेतात. तिथे सल्फ्युरिक ॲसिडचा पाऊस आहे खरा, पण खाली इतकी भट्टी पेटलीये की थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच उडून जातो. मला तो पाऊस वाटतच नाही, पावसाने जमीन भिजली पाहिजे ना. टायटनवर भिजते. २०१० मध्ये कॅसिनी यानाला तिथे विषुववृत्ताजवळ ढग दिसले आणि नंतर महाराष्ट्राहून मोठा पट्टा काळपट पडलेला दिसला, ओला झालेला, मग हळूहळू तो परत उजळत गेला. वाळत गेला म्हणजे!

थेंबांचा हिशोब तर मी कितीदा वाचलाय. गुरुत्वाकर्षण आपल्या सातव्या हिश्श्याएवढं, हवा मात्र आपल्याहून दाट, त्यामुळे थेंब जवळजवळ एक सेंटिमीटरचा होऊ शकतो आणि सेकंदाला दीडेक मीटरने खाली येतो, आपण जरा भरभर चालतो ना तेवढ्याच वेगाने. इथल्या टपोऱ्या थेंबाचा वेग आठ-नऊ मीटर. तिथे पत्रा असता तर असा ताशा वाजलाच नसता.

ह्युजेन्स उतरलं तेव्हा पाऊस नव्हता. पण यानाच्या उबेने खालच्या जमिनीतून मिथेनची वाफ वर आली, यंत्राने ती टिपली. गोट्यांखालची जमीन ओलसर होती.